संगीचं घर, आभाळातून

गावच्या वाचनालयात प्रवासवर्णनांचं एक वेगळं कपाट आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडं असते. लोक कुठं कुठं जाऊन आले, काय काय खाऊन आले, ते सगळं मी हसनाबादला बसून वाचलं. सकाळी शेत, दुपारनंतर वाचनालय, असं माझं चालत आलेलं. स्वतः लिहावं असा प्रवास काही वाट्याला आला नव्हता. आला तो असा की त्याचा मोठा भाग मी जालन्यात, मस्तगडच्या एका दुकानात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून केला. तिथून मी मुंबई पाहिली. अख्खी, एका नजरेत, समुद्रासकट. ज्यांनी ती रस्त्यावरून पाहिली असेल त्यांनी हे वाचून खुशाल हसावं. ज्यांनी पाहिलीच नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पण आधी एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर वाटेत माझी जी तारांबळ उडाली ती कशामुळं, ते कळायचं नाही.

आमच्या लेकीचं, संगीचं, लग्न मुंबईच्या मुलाशी ठरत होतं तेव्हा मी मुलाचं घर बघायला निघालो होतो. आमच्याकडची ही रीत. मुलीच्या बापानं जायचं, सतरंजीवर बसायचं, पाणी प्यायचं, पाणी कुठून येतं, दार कोणत्या तोंडाचं, चुलीपाशी उजेड आहे का, हे विचारायचं आणि घरी येऊन सांगायचं. त्याच्या शब्दावर पोरगी दिली जाते. पोरीला न्यायची पद्धत नाही, तिच्या आईलाही नाही. मी ठाण्यापर्यंत गेलो. तिथं पूल चढून पलीकडं जायचं आणि पुढं भांडुप गाठायचं, असं मला सांगितलेलं. पण त्या पुलाच्या पायऱ्यांवरून माणसं अशी येत होती, जसं धरणाचं दार उघडलं. जरा ओसरू दे म्हणून मी खाली बाकावर बसलो. ते ओसरलं नाही. वडापाव खाल्ला, आणि संध्याकाळच्या गाडीनं माघारी आलो. घरी सगळे वाट बघत होते. मी पाय धुतले आणि सांगितलं, घर चांगलं आहे. पुढं अंगण, अंगणात तुळस. मागं मोकळं रान, हवा खेळती. वर्णनाचा हात मला त्या कपाटानं दिलेला होताच.

पहिल्या पंचमीला संगी माहेरी आली तेव्हा म्हणाली, "आई, खिडकी उघडली की हाताला भिंत लागती." तिची आई म्हणाली, "तुझे आप्पा बघून आलेत. चोचले करू नको." संगीनं माझ्याकडं बघितलं. मी पेपरची घडी घालत बसलो. त्यानंतर तिनं घराविषयी तोंड उघडलं नाही. तिच्या आईला मुंबईला न्यायचं मीही टाळत राहिलो. कधी कपाशी वेचणीला आलेली असायची, कधी म्हैस व्यायला झालेली. अशी वर्षं गेली, नात शाळेत जायला लागली.

आता प्रवास.

मस्तगड, पहिला दिवस: नदीकाठानं

शेजारच्या पारूबाईनं जालन्यात जाऊन आपल्या भावाचं पुण्यातलं घर कॉम्प्युटरवर बघितलं, आभाळातून, गच्चीवरच्या टाकीसकट. हे ऐकल्यावर आमच्या घरात निर्णय व्हायला वेळ लागला नाही. कौसा, म्हणजे संगीची आई, म्हणाली, "मला संगीचं घर बघायचं. सांजच्या मोटारीनं वापस येऊ. म्हशीचं सांगू नका, म्हैस पारूबाईच्या दावणीला बांधून आले."

सकाळी बघतो तर तिनं पाहुण्यांकडं जायचं हिरवं लुगडं नेसलेलं. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याची बरणी, आणि वर खणाचा तुकडा नि नारळ.

"हे कशाला?" मी विचारलं.

"लेकीच्या दारात रिकाम्या हातानं जाऊ का?"

"आपण मस्तगडला चाललो."

"तुम्ही चला मस्तगडला. मी मुंबईला चालले."

कंडक्टरलाही तिनं मुंबईच सांगितली. तो म्हणाला, "मावशी, ही मोटार जालन्यापस्तर हाये." ती म्हणाली, "तितपस्तरच द्या, पुढलं आम्ही बघू."

दुकान गफूरभाईंचं. पूर्वी तिथं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नानंतर आमचा जोडीचा फोटो त्यांच्या वडिलांनी तिथंच काढलेला, रंगवलेल्या पडद्यापुढं, ज्यावर नारळाची झाडं आणि निळा समुद्र होता. आता पडदा गेला, त्या भिंतीला कॉम्प्युटर लावलेत. गफूरभाई माझ्याच वयाचे, पण केसांना मेंदी लावत असल्यामुळं मोठे दिसतात.

"बैठो काकी," ते म्हणाले. "कहाँ का जाना?"

"मुंबई. पर एकदम न्हाई."

पडद्यावर पृथ्वी आली, काळ्या आभाळात टांगलेली. निळीगार, वरून ढगांचं पिंजलेलं. मी पुस्तकात हे चित्र बघितलेलं होतं, तरी खुर्ची पुढं ओढली. कौसानं हात जोडले. मग गफूरभाईंनी कॉम्प्युटरचा उंदीर फिरवला, पृथ्वी गर्रकन वळली आणि आम्ही खाली कोसळायला लागलो. कौसानं खुर्ची घट्ट धरली.

पहिल्यांदा जालना जिल्हा. पिवळट, करडा, मधूनमधून नांगरट काळी. हसनाबाद शोधलं तर एक राखाडी डाग निघाला, कुणी भिंतीवर अंगठा पुसावा तसा.

"आपलं घर?"

"गाव का धुंदला आता काकी. बड़े शहर का साफ."

"आभाळातबी आपल्याला मागंच बसवलं का," ती म्हणाली, पण नाराज दिसली नाही.

आता मुंबईचं नाव टाकलं की झेप घेऊन तिथं पोचता येत होतं. गफूरभाई बोटं उचलून तयार. कौसा म्हणाली, "उडी कशाला मारता? रस्त्यानं जाऊ. शहागडावरून गंगा धरा." शहागड तिचं माहेर, गोदावरीच्या काठावर, ती नदीला गंगाच म्हणते. तिला वाट माहीत असलेली तेवढीच एक. गफूरभाईंनी माझ्याकडं बघितलं. मला घाई अजिबात नव्हती. जितकं हळू जाऊ तितकं बरं, अशीच माझी प्रार्थना चाललेली.

तर आम्ही शहागडच्या पुलापासून निघालो. वरून नदी बघायची मजा वेगळी असते. काठावर उभं राहिलं की ती सरळ वाटते. वरून कळलं की म्हातारीसारखी वाटेत दहा ठिकाणी रेंगाळते. पाणी थोडं, वाळू जास्त, दोन्ही काठांना उसाची हिरवी किनार. चित्र तुकड्यातुकड्यानं यायचं. आधी गोधडीसारखं धूसर, मग एकेक चौकोन साफ व्हायचा. हे चौकोन वेगवेगळ्या दिवशी काढलेले असावेत, कारण एका ठिकाणी रान उन्हाळ्यासारखं भाजलेलं आणि रेघेपलीकडं एकदम दिवाळीतलं हिरवं. कौसा म्हणाली, "हितं पेरणी झाली, तितं न्हाई. बांधावरून भांडणं लागत असतील."

पैठणच्या पुढं पडदा निळा होत गेला. नाथसागराचं पाणी सगळ्या बाजूंनी बोटं पसरून बसलेलं.

"आला समुद्र," ती म्हणाली.

"हा समुद्र न्हवं. धरण हाये."

"तुम्ही कवा बघितला समुद्र?"

मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचा नसतो, पण तिनं सहज विचारला होता. गफूरभाई म्हणाले, "भाऊ बराबर बोलते काकी, ये नाथसागर."

दुपारी आम्ही नाशिकच्या वर त्र्यंबकला पोचलो. तिथं नदीचा धागा इतका बारीक झाला की बोटानं पुसला जाईल असं वाटलं. कौसानं धपाटे सोडले. "उगमापाशी बसून खायचं," ती म्हणाली. गफूरभाईंनी चहा मागवला, धपाटा घेतला, आणि डोंगराकडं बघत आम्ही जेवलो. शेजारच्या कॉम्प्युटरवर नोकरीचा अर्ज भरायला आलेल्या एका बाईनंही चटणी घेतली. प्रवासात असं होतंच, ओळख नसलेल्या माणसाबरोबर बसून खाणं होतं.

त्र्यंबकच्या पलीकडं जमीन संपली. म्हणजे पठार संपलं. आपण जिथं राहतो ते सगळं एका जाड भाकरीसारखं आहे आणि पश्चिमेला तिचा काठ तुटलाय, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. तुटलेल्या काठाखाली गर्द हिरवं कोकण. तिथल्या नद्या आखूड, घाईच्या, उलट्या दिशेनं पळणाऱ्या. आणि त्यांच्या शेवटाला पडद्याच्या कडेला एक वेगळा निळा रंग दिसायला लागला, ज्याला पलीकडचा काठ नव्हता.

"हा हाये का?" कौसानं हळूच विचारलं.

"हा हाये," गफूरभाई म्हणाले.

तेवढ्यात वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला आणि समुद्र काळा झाला. भारनियमनाचे दिवस ते. गफूरभाई म्हणाले, आज काही परत यायची नाही. मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना चहाचे पैसे देऊ लागलो.

"आपला मुक्काम त्र्यंबकला," कौसा गावाकडं जाताना म्हणाली. "उद्या खाली उतरू."

मस्तगड, दुसरा दिवस: मुंबई

दुसऱ्या दिवशी वीज होती.

आता मी मुंबईचं वर्णन करतो. हे मी खरंच बघितलेलं आहे.

लांबून मुंबई म्हणजे समुद्रात खाली लोंबणारी एक जमिनीची जीभ. कौसा म्हणाली, शेळीच्या सडासारखी दिसती. एकदा तिनं म्हटल्यावर मला दुसरं काही दिसेना. वर रुंद, खाली निमुळती, आणि सगळा देश तिला लुचायला आल्यासारखे रस्ते नि लोहमार्ग वरून खाली धावणारे. डाव्या अंगाला मोकळा समुद्र. उजव्या अंगाला खाडी, जिच्यापलीकडं नवी मुंबई. खाडीचं पाणी निळं नाही. काठाला गढूळ, चहात दूध कमी पडल्यासारखं, आणि आत जाता जाता हिरवट होणारं. त्यावर जहाजं उभी होती, तांदळाच्या दाण्याएवढी. गफूरभाईंनी एक जवळ आणलं. जहाजामागं पाण्याची पांढरी फणी पसरलेली.

मला सगळ्यात नवल वाटलं ते मधल्या जंगलाचं. सिमेंटच्या राखाडी रंगाच्या मधोमध एवढं मोठं गर्द रान, त्यात डोंगर आणि काळ्या पाण्याची तळी. पुस्तकात वाचलं होतं, पण ते शहराच्या कडेला असेल असं मी धरून चाललो होतो. शहरानं त्याला चारी बाजूंनी घेरलंय.

"बिबटे हैं उसमें," गफूरभाई म्हणाले. त्यांचा मेव्हणा त्या भागात टेम्पो चालवायचा. "रात को नीचे आते."

"मंग लोक कसे ऱ्हातात?"

"आप लोगां साप के साथ रहते ना खेत में? वैसेच."

विमानतळाचे पट्टे दिसले, एकमेकांवरून गेलेले, कापडावर कात्री ठेवावी तसे. विमानं पांढऱ्या मुंग्यांसारखी. आणि विमानतळाच्या भिंतीला अगदी चिकटून बारक्या छपरांचा चिखल. त्यातली कित्येक छपरं निळी. कौसा म्हणाली, "लोकांनी घरं निळी रंगवली, चांगली दिसतेत." गफूरभाई म्हणाले, "रंग नै काकी. प्लास्टिक है. बारिश का."

मी मुद्दाम दक्षिणेला वेळ लावला. समुद्राकाठचा तो वाकलेला रस्ता, गोदीतले धक्के, बेटं, सगळं पुन्हा पुन्हा दाखवायला सांगितलं. गफूरभाई वैतागले नाहीत, त्यांना कौतुकच वाटलं. "भाऊ को सब मालूम," ते म्हणाले. शेवटी कौसानं पिशवीतून खण नि नारळ काढून टेबलावर ठेवला. "आता बास. संगीकडं चला."

"ढग दिसून राह्यले तिकडं," मी म्हटलं.

"कुठं ढग?" दोघंही म्हणाले.

गफूरभाईंनी दुकानातला फोन पुढं केला. जावयानं स्वतःचा जुना मोबाइल संगीला दिलेला होता, त्यावर लावला. मग लेक फोनवरून वाट सांगायला लागली आणि गफूरभाई तिच्या सांगण्यावरून खाली उतरायला लागले. फोनचा आवाज इतका मोठा की दुकानभर ऐकू येत होता.

"भांडुपचं स्टेशन दिसलं का, चाचा? तितून खाडीकडल्या अंगाला या. नाला लागंल. नाल्याच्या कडंनं या. एक पटांगण, त्याच्या बाजूला शाळा. तितून पुढं चाळी. सगळ्या सारख्याच."

"आया था एक बार मैं उधर," गफूरभाई म्हणाले. "हां. मिल गया."

"आप्पा हायेत का तितं?"

"बैठे हैं."

"आप्पा," संगी म्हणाली, "आभाळातून काय बघता, दारातून येऊन बघा की."

ती हसत म्हणाली होती. मी घशात हसल्यासारखा आवाज काढला.

पडद्यावर राखाडी छपरांच्या ओळी, वाळायला मांडलेल्या विटांसारख्या. पलीकडं मोठा रस्ता, आणि रस्त्याच्या पलीकडं खाडीपर्यंत मोकळं. इतकं मोकळं की मीच पुढं वाकलो. तिथं चौकोन आखलेले होते, आमच्याकडं कांद्याला वाफे पाडतात तसे नीट, बांध घातलेले, काहींत पाणी चमकणारं, काही पांढरट. त्यांच्यापुढं दाट हिरवा पट्टा.

कौसानं फोन हातात घेतला. डोक्यावरचा पदर नीट केला.

"संगे, बाहेर ये. अंगणात उभी ऱ्हा, तुळशीपाशी. वर बघ. मी बघून राह्यले."



"कुठलं अंगण, आई?"

"दारापुढलं."

"दारापुढं गल्ली हाये. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागतं."

"काकी," गफूरभाई मधे पडले, "ये अभी का नै. पैले का फोटो है. वो बाहर आई तो बी दिखती नै."

कौसाचं तिकडं लक्ष नव्हतं. तिचं बोट पडद्यावर होतं, त्या चौकोनांवर. "मागं तर केवढं रान हाये. वाफे पाडलेत, पाणी सोडलंय, पीकबी उभं हाये. आप्पा सांगत होते तसंच हाये की. खोटं काहून बोलती गं? एवढ्या वर्सात एकदाबी चांगलं म्हणली न्हाईस त्या घराला."

मी त्या पडद्याकडं बघत होतो. ज्या रानाचा मला पत्ताच नव्हता ते माझ्या बाजूनं उभं राहिलं होतं. अंगणाचं काय, अंगण म्हणजे गल्लीच, असं म्हणून निभावलं असतं. मी नुसता गप्प बसलो असतो, आणि गप्प बसणं मला चांगलं जमतं, तर जन्मभराची काळजी मिटली होती. अवकाशातून साक्ष आली म्हटल्यावर माझ्या शब्दावर कोण बोट ठेवणार?

फोनमधून आवाज येत नव्हता. ती फोनवर होती, नळाचं पाणी पडल्याचं ऐकू येत होतं. फक्त बोलत नव्हती. पंचमीच्या दिवशी अशीच थांबली होती.

मी कौसाच्या हातातून फोन घेतला.

"संगे, मी आलो न्हवतो."

"कवा?"

"घर बघायला. ठाण्यापस्तर आल्तो. पूल चढलो न्हाई. तितूनच वापस गेल्तो."

गफूरभाईंनी खिशातून रुमाल काढून कॉम्प्युटरची कळपाटी पुसायला घेतली.

"मंग ते अंगण कुणाचं होतं, आप्पा?"

"पुस्तकातलं."

"आन् तुळस?"

"तुळस मी लावली."

पलीकडून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की कसला, मला आजही सांगता येत नाही. मग ती म्हणाली, "बादली भरली. ठेवते मी."

कौसा माझ्याकडं बघत नव्हती. पडद्याकडं बघत होती. गफूरभाईंनी विचारलं, "बंद करूं?"

"असू द्या," ती म्हणाली. "यातलं कोणतं हाये तिचं?"

सांगता येणार नव्हतं. छपरं सगळी सारखी. ती बराच वेळ एकेका छपरावर बोट फिरवत राहिली. मग खण आणि नारळ पिशवीत परत ठेवला आणि उठली.

गावाकडं जाणाऱ्या राजूरच्या मोटारीत ती खिडकीशी बसली आणि पलीकडच्या सीटवरच्या अनोळखी बाईशी पूर्ण रस्ता बोलली. सोयाबीन, गुडघेदुखी, सुना. मधे एकदा ती बाई माझ्याकडं बोट करून म्हणाली, "हे तुमचेच का?" कौसा म्हणाली, "आहेत. पर सांगायसारखं काही न्हाई."

घरी पोचलो. जेवायला मिळालं. आमटी नेहमीपेक्षा चांगली होती, याचीच मला भीती वाटली.

सकाळी उठलो तर चुलीवर पुन्हा धपाटे.

"कुठं?"

"मुंबईला. पायानं," ती म्हणाली. "पूल मी चढवते तुम्हाला."

भांडुप: जमिनीवरून

गाडीतलं सांगण्यासारखं काही नाही. फोनवर कळवलेलं होतं, ठाण्याला जावई घ्यायला आले होते. पूल तिथंच होता, पायऱ्याही त्याच, आणि माणसंही तशीच उतरत होती. कौसा पिशवी डोक्यावर घेऊन त्यांच्यामधून अशी गेली जशी बाजाराच्या दिवशी भोकरदनला जाते, आणि वर पोचल्यावर मागं वळून म्हणाली, "एवढ्यासाठी?" जावयांनी रिक्षा केली.

वरून बघितलेलं शहर खालून ओळखू येत नाही. ओळी दिसत नाहीत, रंग दिसत नाहीत. वरून वास नव्हता. इथं तळणाचा, नाल्याचा, सुक्या मासळीचा आणि उदबत्तीचा वास एकामागून एक येत होता. मी जावयांना मोठ्या ऐटीत म्हणालो, "आता डावीकडं पटांगण लागंल." उजवीकडं लागलं. वरून बघताना उत्तर कुठं होती, ते मी विसरलो होतो.

घरी जायच्या आधी कौसानं जावयांना "ते शेत" दाखवायला सांगितलं. त्यांना कळेना. मग लक्षात आल्यावर मोठ्या रस्त्यापलीकडं घेऊन गेले. कुंपणातून बघितलं. वाफे होते, बांध होते, पाणी होतं, आणि घोट्याएवढ्या पाण्यात माणसं लांब दांड्याच्या फळ्यांनी काहीतरी ओढून ढीग लावत होती. ढीग पांढरेशुभ्र. मिठागरं होती ती.

"मीठ पेरतात?" कौसा म्हणाली.

"समुद्राचं पाणी घेतात, उन्हानं आटवतात," जावई म्हणाले.

"पाणी हाये, ऊन हाये, आन् पिकतं मीठ. बियाण्याचा खर्चा न्हाई." तिला हे पीक पसंत पडलं. ज्या हिरव्या पट्ट्याला तिनं उभं पीक म्हटलं होतं तो खारफुटीचा चिखल निघाला. त्यात लांब पायांचे गुलाबी पक्षी चोची खुपसून उभे होते. ते काही वरून दिसले नव्हते.

संगीचं दार निळं होतं. दारात ती उभी होती, नात शाळेला गेलेली. आईच्या पाया पडली, मग माझ्या. "या," ती म्हणाली. "घर बघायला आलात ना?"

"हो," कौसाच म्हणाली. "रीतीनं बघतील. घाला सतरंजी."

जावई हसले, पण त्यांनी सतरंजी घातली. ती घातल्यावर खोलीत जमीन उरली नाही. मी बसलो. संगीनं तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलं आणि पदर घेऊन आईशेजारी उभी राहिली. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी पाणी प्यायलो.

"पाणी कुठून येतं?"

"नळ बाहेर हाये, चार घरांत एक," जावई म्हणाले. ते एकदम ताठ बसले होते, नवरदेवासारखे. "सकाळी येतं. भरून ठेवावं लागतं."

"दार?"

"उत्तरेला."

"ऊन?"

"उन्हाळ्यात दारातून थोडं. बाकी पत्र्यातून नुसती धग."

"स्वयंपाकाला उजेड?"

"दिवा लावून," हे संगी म्हणाली.

मी उठून खिडकी उघडली. हात बाहेर काढला. शेजारच्यांची भिंत गार होती, ओलीही. हात तसाच ठेवून मी थोडा वेळ उभा राहिलो, कारण वळल्यावर कुणाकडं बघायचं ते ठरत नव्हतं.

"मुलगा काय करतो?" कौसानं मागून विचारलं. "विचारा की."

"मुलगा मला माहीत हाये," मी म्हटलं. "मुलगा चांगला हाये."

"मंग?" ती म्हणाली. "द्यायची का पोरगी?"

एवढी वर्षं मी हे उत्तर टाळत आलो होतो. आता टाळायचं तरी काय उरलं होतं? "बघितलं असतं तर न्हाई म्हणलो असतो," मी सांगितलं. जावयांसमोर सांगितलं. त्यांनी मान खाली घातली, पण हलवली, बरोबर आहे अशी.

संगी स्टोपाशी गेली. पातेल्यावरचं झाकण उघडून पुन्हा ठेवलं.

"मी हो म्हणले असते," ती पाठमोरी म्हणाली. "ह्यांना बघून. पर मला कुणी बघायला आणलंच न्हाई. बघून आले असते तर कळशी तरी मोठी आणली असती."

कौसा आधी हसली. मग जावई. मी हसलो नाही, पण खिडकी लावून खाली बसलो, आणि बरं वाटलं हे कबूल करतो.

"उठा आता," संगी मला म्हणाली. "सतरंजी गुंडाळायची हाये. ताटं मांडल्यावर दोघंच बसतात हितं. तुम्ही आन् हे आधी बसा."

घरातल्या पुरुषांनी आधी जेवायचं, आमच्याकडं असंच आहे, वाचनालयातलं कपाट कितीही वाचलं तरी. मी चप्पल घातली. "तुम्ही मायलेकी बसा," म्हटलं. "आम्ही थांबतो."

जावई आणि मी गल्लीत उभे राहिलो, एकामागं एक, शेजारी उभं राहायला जागा नव्हती. कुणी आलं की आम्ही आडवे व्हायचो. दार उघडं होतं. ताटल्यांचा आवाज आला, धपाटे सोडल्याचा आला, आणि मग कौसा म्हणाली, "आता सांग. पहिल्या दिवसापासून सांग. मी काही म्हणणार न्हाई."



"पहिल्या दिवशी ना आई," संगी म्हणाली, "मी नळावरून कळशी घेऊन आले आन् दार चुकले. तिसऱ्याच्या घरात जाऊन चांगली बसले, कळशी ठेवली, पदर खोचला, आन् भाजी निवडायला घेतली. त्या बाईनं मला चहा दिला, तवा कळलं."

कौसाचं हसणं गल्लीभर ऐकू गेलं. समोरच्या दारातून एक बाई डोकावली आणि जावयांना म्हणाली, "सांगितलं वाटतं तिनं. तो चहा माझा होता."